जवारी ऐकवणारे स्पीकर

माझ्या घरात संगीत आलं ते बायकोच्या बाजूने. लग्नात जसे सासू-सासरे, मेव्हणे येतात, तसा एक तानपुरा आला. सांगलीहून निघालेल्या टेम्पोत तिच्या ट्रंकेपेक्षा त्यालाच जास्त जागा लागली होती. पुढे विमा कंपनीने मला जिथे जिथे पाठवलं तिथे सामान उचलणाऱ्या माणसांवर मी ओरडलो तो त्या भोपळ्यापायीच. "भैया, धीरे! वो टूटा तो मेरा घर टूटेगा!" हे वाक्य मी इतक्या गावांत म्हटलंय की आता झोपेतही म्हणेन.

मला स्वतःला सूर कळत नाही. मैफलीत मी शेजारच्या माणसाकडे बघून मान हलवतो. हे हिला माहीत आहे आणि तिने त्याचा कधी बाऊ केला नाही. चारचौघांत मात्र "ह्यांचा कान म्हणजे नुसता चष्मा अडकवायला" असं म्हणून ती हशा मिळवायची. मीही हसायचो. माझी हरकत नव्हती, कारण सुराच्या बाबतीत घरातला शेवटचा शब्द तिचा आणि बाकी सगळ्या बाबतीत भांडण, अशी आमची वाटणी झाली होती.

शेवटची बदली जयपूरची झाली आणि आम्ही दुर्गापुऱ्यात राहिलो ते राहिलोच. दर बदलीला हिचा गाण्याचा क्लास मोडायचा आणि नव्या गावात पहिल्या मुलीपासून सुरू व्हायचा. इथे मात्र तो मुळं धरून वाढला. बँकेतल्या, सरकारी खात्यांतल्या मराठी घरांतल्या मुली यायच्या, आसपासच्या मारवाडी मुली यायच्या, काही जणी लग्न होऊन पुण्याला किंवा परदेशी गेल्या तरी कॉम्प्युटरवरून शिकत राहिल्या. सोसायटीचा वॉचमन मला ओळखायचा तो "गानेवाली मॅडम के साब" म्हणून. ऑफिसात लोक साहेब साहेब करायचे, पण गेटवर माझी किंमत काय ते मला रोज कळायचं.

कुरकुर सुरू झाली ती तानपुऱ्यापासून. "हा बोलत नाही," ही एक दिवस म्हणाली. मग वारंवार म्हणायला लागली. जयपूरची हवा कोरडी, उन्हाळ्यात लाकूड तडतडतं, त्यामुळे आधी खापर हवेवर फुटलं. ओली फडकी टांगून झाली. तारा बदलून झाल्या. तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीवर, तारांखाली, सुताचा एक धागा असतो, तो किंचित मागेपुढे सरकवला की आवाज खुलतो म्हणे. तो धागा सरकवण्यात तिची दुपारच्या दुपार जायला लागली. शेवटी तिने घोडी काढून मिरजेला तिच्या नेहमीच्या कारागिराकडे कुरिअर केली. त्याने घासून, पारखून परत पाठवली. थोडे दिवस बरे गेले. नंतर पुन्हा तेच. पुन्हा कुरिअर. दुसऱ्यांदा घोडी परत आली तेव्हा त्याचा फोनही आला. फोन मी घेतला होता. "काका, ताईंना सांगा, आता हिला पुन्हा घासायला लावू नका. अंगात काही राहिलं नाही हिच्या. ही गेली तर नवी बसवता येईल, पण हा आवाज परत यायचा नाही."

मी निरोप सांगितला. हिचा चेहरा उतरला. तानपुरा तिच्या गुरुजींनी स्वतः मिरजेत बसून करून घेतलेला होता आणि जाण्याआधी तिच्या हाती दिला होता. "मग राहू दे," ती म्हणाली. "हवा बदलेपर्यंत रेकॉर्डिंगवर चालवू."

रेकॉर्डिंग तयार होतं. तिची एक विद्यार्थिनी आहे, इथेच जन्मलेली, सीतापुऱ्यात एका कंपनीत नोकरी करते. तिने हौसेने चांगला माइक लावून हाच तानपुरा कधीतरी रेकॉर्ड करून दिला होता. अडचण होती ती आमच्या स्पीकरची. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेली ती दोन प्लॅस्टिकची डबडी. त्यांतून तानपुरा लावला तेव्हा हिने कपाळाला हात लावला. "मिक्सर लावलाय का शेजारी? बदला हे."

मी खूश झालो. इतक्या वर्षांत तिच्या कामाची एक तरी गोष्ट अशी निघाली होती जी बाजारात जाऊन, घासाघीस करून आणता येईल, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नाही असा माझा समज आहे.

पहिलं दुकान मोठं होतं, काचेचं. तिथल्या माणसाने आम्हाला खुर्च्या दिल्या, दोन छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक ठोकळा जोडला आणि लग्नाच्या वरातीतलं काहीतरी लावलं. माझ्या शर्टाची बटणं थरथरली. "सर, बेस देखिए बेस!" तो म्हणाला. मी म्हटलं, "भाईसाब, हमारे घर में बारात नहीं निकलनी है, तानपुरा बजना है." त्याने तानपुरा लावला. ठोकळा नुसता घुमत राहिला. ही उठलीच. गाडीत बसताना म्हणाली, "खर्ज म्हणजे नुसती धमधम वाटते ह्या लोकांना."

दुसऱ्या दुकानातला माणूस जाणकार होता. एम. आय. रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान, चिंचोळं, भिंतीला भिंत लावून स्पीकर रचलेले. ठोकळा कशाला, दोन चांगले स्पीकर घ्या, टेबलावर कानाच्या उंचीला ठेवा, भिंतीपासून थोडे पुढे, आणि तोंडं तुमच्याकडे वळवा, असं त्याने समजावून सांगितलं. मला तो आवडला. त्याने हिच्या लॅपटॉपवरून रेकॉर्डिंग लावलं.

ही डोळे मिटून बसली. मी सवयीने तिच्याकडे बघत होतो, मान कधी हलवायची ते ठरवायला. तिची मान हलली नाही.

"दुसरा लगाइए."

दुसरा लावला. तिसरा लावला. दर वेळी तिच्या कपाळावरची आठी खोल होत गेली. शेवटी ती त्या माणसाला म्हणाली, "भैया, सब में वही बात है. जवारी नहीं आ रही."

त्याने विचारलं, जवारी मतलब? हिने क्लासमध्ये सांगावं तसं सांगितलं. तार छेडली की नुसता सूर येत नाही, त्या सुराच्या डोक्यावर एक बारीक झणझणाट उठतो, सूर त्याने उजळतो, तानपुऱ्याचा जीव त्यात असतो. आणि मग तिने तोंडाने तो आवाज काढून दाखवला, दात किंचित मिटून, "झँऽऽ".

तिने काढला तसाच आवाज समोरच्या स्पीकरमधून येत होता. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. घरी तानपुरा वाजायचा तेव्हाही यायचा. त्याला नाव आहे हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"अगं, येतंय की ते," मी म्हणालो.

"काय?"

"तू आत्ता काढलंस ते. येतंय."

ही खळखळून हसली. त्या माणसाला म्हणाली, "इनको सा और रे में फर्क नहीं पता. इनको आ रही है!" मीही हसलो. पण दुकानदार हसला नाही. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा स्पीकरकडे बघत होता, आणि आमची नजरानजर झाली तेव्हा त्याने अगदी हलकेच मान डोलावली. त्यालाही येत होती.

मी घाईघाईने म्हटलं, "चला, दुसरीकडे बघू." दुकानदाराने अडवलं नाही.

घरी येताना टोंक रोडला गाड्यांची रांग लागली होती. एरवी मी हॉर्न वाजवून वाजवून स्वतःचं डोकं उठवून घेतो. त्या दिवशी हॉर्नला हात न लावता मी एकामागून एक गोष्टी आठवत होतो. मायक्रोवेव्ह बंद झाल्याची शिट्टी वाजत नाही असं ही म्हणाली म्हणून तो दोनदा दुरुस्तीला पाठवला होता. दुरुस्तीवाल्याने दोन्ही वेळा "इसमें कुछ नहीं है" म्हणून परत दिला आणि दोन्ही वेळा मी त्याच्याशी भांडलो होतो. थर्मामीटर वाजत नाही, बिघडला, म्हणून तिने नवा आणवला होता, तोही तिला बिघडलेलाच निघाला होता. फोनवर नातवंडं बोलायला लागली की ही म्हणायची, हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी प्रत्येक वेळी तिची बाजू घेतली होती. मला वाटायचं, हिचा कान आहे, ही चुकणार कशी?

दुसऱ्या दिवशी दुपारी ही गॅलरीत पेपर वाचत बसली होती. मी आतून थर्मामीटर आणला, तोंडात धरला आणि तिच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिलो. मला चोरासारखं वाटत होतं. थर्मामीटर वाजला. इतका वाजला की खालून जाणारी बाई वर बघेल असं मला वाटलं. हिने पेपरचं पान उलटलं.

मी आत गेलो आणि पलंगावर बसून राहिलो. नवरा-बायकोत एकाला काही झालं तर दुसऱ्याने सांगायचं असतं, हे कोणीही सांगेल. पण काय सांगायचं? गुडघा दुखतो, साखर वाढली, हे सांगता येतं. गाणं शिकवणाऱ्या बाईला तिचा कान गेला हे कोण सांगणार, आणि मी सांगणार? ज्याच्या कानावर ती इतकी वर्षं हसत आली तो मी?

मी सांगितलं नाही. उलट मी तिला आणखी दुकानांत नेलं. राजापार्कला नेलं, मानसरोवरला नेलं. शास्त्रीनगरातल्या एका घरी नेलं, जिथे एक गृहस्थ स्वतःच्या हातांनी स्पीकर बनवून विकतात असं कळलं होतं. प्रत्येक ठिकाणी तेच. रेकॉर्डिंग लागायचं, मला जवारी ऐकू यायची, ही नकारार्थी मान हलवायची, आणि मी दुकानदारावर डाफरायचो. खरोखर डाफरायचो. शास्त्रीनगरच्या त्या गृहस्थांना मी म्हटलं, "आप तो कहते थे सब सुनाई देगा!" ते बिचारे आपल्याच स्पीकरला कान लावून बघायला लागले. ते बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाहेर आल्यावर मी गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहिलो. मला वाटत होतं, एखादा तरी स्पीकर इतका कर्कश निघेल की तिला ऐकू येईल, आणि मग काही बोलावंच लागणार नाही.

मध्ये एका रविवारी क्लासला ती सीतापुऱ्याची मुलगी लवकर आली. ही अंघोळीला गेली होती. स्पीकर मिळेपर्यंत क्लास तानपुऱ्यावरच चालला होता; मुलीने तो घेतला, तार सुरात आणायचे दोन-तीन मणी इकडेतिकडे केले आणि पाणी प्यायल्यासारखं सहज बाजूला ठेवून दिला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काय केलंस गं आत्ता?"

ती दचकली. "काही नाही काका. थोडा उतरला होता."

"ताईंनी लावून ठेवला होता ना?"

ती ओढणीशी चाळा करत राहिली. मी आवाज उतरवला आणि विचारलं, हे नेहमी करतेस का? तिने दाराकडे बघून घेतलं. मग तिच्या त्या हिंदी-मराठीत म्हणाली, "काका, ताई ना मुद्दाम एक तार थोडी चुकवून ठेवतात. मतलब, आमची परीक्षा म्हणून. कोण पकडतं ते बघायला. आम्ही सगळ्या ना, येऊन चुपचाप नीट करतो. बोलत नाही कोणी. गुरूंना कसं बोलणार, की पकडलं म्हणून?"

"कधीपासून चाललीय ही परीक्षा?"

"झाले ना बरेच दिवस. पहिल्यांदा आम्हाला पण अजीब वाटलं. मग मीच सगळ्यांना सांगितलं, जुन्या गुरूंची अशी पद्धत असते." तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा सांभाळायचा प्रयत्न केला, पण मला ते कधीच जमलेलं नाही. "काका," ती म्हणाली, "परीक्षा आहे ना ती?"

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात ही केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय गं, आल्या आल्या सर्दी?"

त्या दिवशी मला क्लास बाहेरच्या खोलीतून ऐकवेना. सगळ्या मुली गात होत्या, ही चुका दाखवत होती, आणि दाखवत होती त्या बरोबर असणार, कारण मुली "हो ताई, हो ताई" म्हणत सुधारत होत्या. तिचं ज्ञान कुठे गेलं नव्हतं. पण ज्या तानपुऱ्यावर ती विसंबून होती तो तिच्या विद्यार्थिनी तिच्या पाठीमागे लावत होत्या, आणि हे एक ना एक दिवस एखाद्या नव्या, फटकळ मुलीच्या तोंडून सगळ्यांदेखत बाहेर पडणार होतं. ती वेळ यायच्या आत घरातल्या माणसाने बोलायला हवं होतं. मी ठरवलं की या आठवड्यात बोलायचं. मग सोमवारी ऑफिसात ऑडिट निघालं, मंगळवारी तिचं डोकं दुखत होतं, आणि मी मूग गिळून बसायला दर दिवशी नवी सबब शोधून काढली.

त्या आठवड्यात एक दिवस मी ऑफिसातून लवकर घरी आलो. दार उघडंच होतं. ही सतरंजीवर बसली होती. तानपुरा तिच्या मांडीवर आडवा, तारा सैल केलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता.

"काय करतेस?"

"घोडीला एक हात मारून बघते. मिरजेवाला घाबरतो उगाच. जवारी गेलीच आहे, तर गमावण्यासारखं काय राहिलंय? आणि तुमचे ते स्पीकर तर सगळे मुकेच निघाले." तिने पेपर घोडीवर टेकवला.

"थांब!" मी ओरडलो. मी रागीट आहे, ओरडतो, पण असा कधी ओरडलो नव्हतो. ती दचकली आणि पेपर तिच्या हातातून निसटला.

"ती घोडी चांगली आहे. जवारी आहे तिच्यात. स्पीकर चांगले होते, मायक्रोवेव्ह चांगला आहे, थर्मामीटर चांगला आहे! तुला ऐकू येत नाहीये!"

मला हळू सांगायचं होतं. चहा करून, शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगायचं होतं. त्यासाठी मी मनात वाक्यंही जुळवली होती. त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

तिने तानपुरा मांडीवरून उतरवला. गवसणी ओढून त्याच्यावर नीट पांघरली. हे सगळं तिने फार सावकाश केलं. मी दारातच, खांद्याला बॅग तशीच.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दुकानात. तू तोंडाने आवाज काढून दाखवलास तेव्हा."

"त्यानंतर आपण कितीतरी दुकानं फिरलो."

"हो."

"तुम्ही त्या माणसांवर ओरडत होतात."

"हो."

"आणि मी तिथे सगळ्यांसमोर बसून म्हणत होते, आपके स्पीकर में दम नहीं है." तिचा आवाज चढला. "मला शहरभर फिरवलंत! गावभर माझं हसं करून घेतलंत, आणि बघत उभे राहिलात?"

"मला सांगता येईना."

"का? मी खाल्लं असतं तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो. कारण ते खरं होतं.

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी बाहेर सोफ्यावर बसलो. संध्याकाळच्या क्लासच्या मुली आल्या, त्यांना मी ताईंना बरं नाही म्हणून परत पाठवलं. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तो उतू घालवला. बंद दारामागून काहीच आवाज येत नव्हता. तिने रडावं, भांडी आपटावीत, मला शिव्या घालाव्यात, असं मला वाटत होतं. माझा नुसता जीव टांगणीला लागला होता. शेवटी दार उघडलं. ती कोरड्या डोळ्यांनी बाहेर आली आणि तिने विचारलं, "मुलींना माहीत आहे?"

या वेळी मी लपवलं नाही. परीक्षेचं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता भिंतीला टेकली. "माझी परीक्षा त्यांनी घेतली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

कानाच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की वयाबरोबर वरचे, बारीक आवाज आधी जातात, तिचे जरा लवकर आणि जरा जास्त गेले आहेत. ते परत येणार नाहीत. मशीन लावलं की माणसांचं बोलणं स्वच्छ होईल. गाण्याचं तिने दोनदा विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते, म्हणाले की ऐकू येईल, पण तुम्हाला आठवतं तसंच असेल असं वचन देत नाही. तिने मशीन घेतलं. घरी येऊन ते लावून तानपुऱ्याची एक तार छेडली, लगेच मशीन काढून डबीत ठेवलं, आणि म्हणाली, "पत्र्यावर वाळू. हे माणसांसाठी ठीक आहे."

क्लास बंद करायचा की काय, हे ती बरेच दिवस बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती. क्लासशिवाय ती कशी दिसेल हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. मग एका रविवारी तिने मुलींना समोर बसवलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कुठे काय ऐकू येतं, कुठून पुढे येत नाही, सगळं. "शिकवायचं मला अजून पुष्कळ येतं," ती म्हणाली. "पण तानपुरा यापुढे माझ्यासमोर लावायचा, माझ्या पाठीमागे नाही. आणि ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांनी जावं, मी मनात धरणार नाही." कोणी उठलं नाही. सीतापुऱ्याची मुलगी ढसाढसा रडली आणि हिने तिला दटावलं, "रडून घसा बसेल, आधी पलटे म्हण."

स्पीकर घ्यायचे राहिलेच होते. परदेशातल्या मुलींच्या क्लाससाठी ते लागणारच होते. "चला," ती एका सकाळी म्हणाली, "त्या गल्लीतल्या दुकानात जाऊ. त्या माणसाची माफीही मागायची आहे."

दुकानदाराने आम्हाला ओळखलं. माफी त्याने मागूच दिली नाही, चहा मागवला. दोन जोड्या समोर मांडल्या, तेच रेकॉर्डिंग लावलं. एकदा ही जोडी, एकदा ती. ही खुर्चीत ताठ बसली होती, पण तिने या वेळी डोळे मिटले नव्हते.

"भाभीजी, बताइए," तो म्हणाला. "किसमें आई आपकी जवारी?"

"इनसे पूछिए," ती म्हणाली. "मुझे वो अब सुनाई नहीं देती. इनको देती है."

इतकी वर्षं मी या एका गोष्टीत तिच्या हाताखाली होतो. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीही करून हे परत घे. पुन्हा चारचौघांत हस माझ्यावर. पण ती वाट बघत होती, दुकानदारही बघत होता. मी म्हटलं, पुन्हा लावा. डोळे मिटले. मला ऐकायचं कसं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून मी नुसता त्या बारीक झणझणाटाच्या मागे मागे गेलो. पहिल्या जोडीत, मग दुसऱ्या जोडीत, मग पुन्हा पहिल्या.

"ही," मी डावीकडे बोट दाखवलं.

"का?" मुलींना विचारते त्या सुरात तिने विचारलं.

"दुसऱ्यात ती वेगळी वाजते, चिकटवल्यासारखी. ह्यात ती तारेच्या आतून निघते, आणि तार थांबली तरी थोडी मागे राहते."

ती माझ्याकडे वळली. "हे तुम्हाला घरी ऐकू यायचं? आपल्या तानपुऱ्यात?"

"पहिल्यापासून."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"मला वाटायचं, त्यात काहीतरी सैल झालंय," मी म्हणालो. "तू आवडीने वाजवायचीस, म्हणून म्हटलं, कशाला सांगा."

ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली, आणि दुकानदार आमच्याकडे बघत असतानाच ते हसणं कधी रडण्यात गेलं ते मला कळलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रेकॉर्डिंग चालूच होतं. तिने डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला.

"आता रोज सांगायचं मला," ती म्हणाली. "जवारी आली तर आली म्हणायचं, नाही तर नाही. माझं मन राखायला खोटं बोलायचं नाही."

मी हो म्हणालो. इतकी भीती मला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती.